खुर्द, बुद्रुक आणि मधली नदी

श्रावण लागला की आमच्याकडे पिठाची गिरणी धुतली जाते. वर्षभर तिच्यात ज्वारी, बाजरी, कळण्याची ज्वारी-उडीद, कुणाचा मका असं सगळं दळलं जातं. पण कानबाईच्या आधी गिरणीवाला जातं उघडून पुसून काढतो, दारात पाणी शिंपडतो, आणि मग फक्त रोटाचे गहू दळतो. यंदा गव्हाचा डबा घेऊन मी रांगेत उभी होते. बाहेर पाऊस पडत होता. गिरणीतून ऊन पिठाचा वास येत होता आणि तो रस्त्यावरच्या ओल्या मातीच्या वासात मिसळत होता. पुढच्या बाईने विचारलं, ताई, डोळ्यांत पीठ गेलं का? मी हो म्हटलं.

कानबाई ही आमची खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते. चौरंगावर नारळ, त्याला नथ, अंगावर नवं लुगडं. भाऊबंद एकत्र येतात, सगळ्यांच्या वाट्याचे गहू एकत्र दळून त्याचे रोट करतात. पुरण, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत, फुगड्या घालत नदीवर नेतात. आई असेपर्यंत मला हा सण फक्त आनंदाचा वाटायचा. एका श्रावणात ती गेली, आणि तेव्हापासून गिरणी धुतलेली दिसली की आधी तीच आठवते.

मी बुद्रुकची लेक आणि खुर्दची सून. आमचं गाव लोणवद, चोपड्याच्या बाजूचं. पलीकडे सातपुडा दिसतो, अलीकडे केळीच्या बागा. मधून नदी जाते. नदीच्या एका काठाला लोणवद खुर्द, दुसऱ्याला लोणवद बुद्रुक. सरकारी दप्तरात ही दोन गावं. आम्हाला लहानपणी ते माहीतही नव्हतं. शाळा बुद्रुकला होती, दवाखाना खुर्दला. चोपड्याची एसटी खुर्दला थांबायची, आठवड्याचा बाजार बुद्रुकच्या वाळूत भरायचा. दोन्ही काठांना जोडणारी एक फरशी होती, म्हणजे नदीच्या तळालगत घातलेला सिमेंटचा बुटका रस्ता. उन्हाळ्यात तिच्यावरून बैलगाड्या जायच्या. पावसाळ्यात पाणी चढलं की ती दिसेनाशी व्हायची, आणि पाणी उतरेपर्यंत दोन्हीकडची माणसं काठावर येऊन एकमेकांना हाका मारत बसायची.

माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, लांब कुठे जातेस, चुलीचा धूर दिसेल. खरंच दिसायचा. संध्याकाळी माझ्या सासरच्या गच्चीवरून माहेरची नळ्याची कौलं दिसत, आणि त्यांतून निघालेला धूर नदीवर येऊन पसरलेला दिसे. आईला दोन्ही गावं अक्का म्हणायची. कानबाईची गाणी तिच्याइतकी कुणालाच येत नव्हती. सोमवारी बुद्रुकच्या कानबाया त्या काठाने उतरायच्या, खुर्दच्या ह्या काठाने, आणि नदीच्या वाळूत त्यांची भेट व्हायची. चौरंगाला चौरंग टेकवायचे. आई मधे उभी राहून गाणं उचलायची आणि दोन्हीकडच्या बाया मागून म्हणायच्या. मी सासरच्या बायांत उभी राहून माहेरच्या बायांकडे बघायचे. ते सुख मला पुन्हा कुठेच मिळालं नाही.

माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, खुर्दचे जुने पुढारी. माझा थोरला भाऊ भास्करदादा बुद्रुकचा सरपंच. दोघांचं फार जमायचं. आबांचा राग नाकावर, दादा थंड. दोघांनी मिळून एकच गोष्ट वर्षानुवर्षं लावून धरली होती: फरशीच्या जागी उंच पूल. निवडणूक आली की उमेदवार फरशीवर यायचा, कारण दोन्ही गावं एकगठ्ठा मतदान करत आणि ते मत मोठं होतं. आबा आणि दादा शेजारी खुर्च्या टाकून बसायचे आणि उमेदवाराकडून पुलाचं कबूल करून घ्यायचे. शेवटी एका आमदाराने खरंच मोजणी करायला माणसं पाठवली. लाल-पांढरे दांडे घेऊन ती नदीत उतरली तेव्हा आम्ही बाया पाटीभर भजी तळून घेऊन गेलो होतो.

त्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना आली. पेपरात नकाशा आला. कुणीतरी तो आबांच्या ओट्यावर आणून पसरला. आमची नदी त्या नकाशात एक बारीक रेघ होती आणि तिच्यावरूनच सीमा गेली होती. खुर्द एका मतदारसंघात, बुद्रुक दुसऱ्यात. आबांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. म्हणाले, छापायला चुकलं असेल.

चुकलेलं नव्हतं. हरकती ऐकायला सुनावणी होती, म्हणून दोन्ही गावांची माणसं जिल्ह्याच्या गावी गेली. जीप पारसशेठची. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, कापडाचं दुकान खुर्दच्या चौकात, आणि लग्नाचा बस्ता बांधायला दोन्ही गावं त्यांच्याकडेच. तिथे काय झालं ते दादाने मला नंतर सांगितलं. त्यांना बोलायला थोडाच वेळ मिळाला. दादाने शाळा, दवाखाना, बाजार, सगळं नीट मांडलं. आबांना राहवलं नाही. ते उभे राहिले आणि सरळ आपल्या अहिराणीत बोलले, "साहेब, बठ्ठा गाव एक शे. मनी सून तठली शे, मनी पोर तठे दियेल शे. नदी मझार शे म्हणीसन काय झाये?" म्हणजे सगळं गाव एक, सून तिकडची, लेक तिकडे दिलेली, मधे नदी आहे म्हणून काय झालं.

साहेब चांगला माणूस होता, दादा सांगायचा. हसला, पाणी मागवलं, आबांना बसायला सांगितलं. मग म्हणाला, "आबा, मतदारसंघ सोयरिकीवर होत नाहीत, लोकसंख्येवर होतात. कुठेतरी रेघ ओढावीच लागते."

ते परतले तेव्हा आम्ही बाया फरशीपाशी वाट बघत उभ्या होतो. जीपमधून उतरल्यावर पारसशेठ म्हणाले, रेघ कागदावर आहे, गिऱ्हाईक तर नाही ना बदलणार. सगळे हसले. मीही हसले होते. रोजच्या जगण्यात खरंच काही बदललं नव्हतं. मुलं शाळेत जात होती, बाजार भरत होता, संध्याकाळी धूर दिसत होता.

बदल कळायला वेळ लागला. पूर्वी आम्ही एका मोठ्या मताचा गठ्ठा होतो. आता खुर्द आपल्या मतदारसंघाचं शेवटचं टोक झालं आणि बुद्रुक त्याच्या. टोकाच्या गावात उमेदवार गाडीतून उतरत नाही, हात जोडून पुढे जातो. पुलाचं विचारलं की खुर्दचा आमदार म्हणे, अर्धी नदी माझ्याकडे नाही. बुद्रुकचा तेच म्हणे. दोघे वेगळ्या पक्षांचे, एकमेकांचं तोंड न बघणारे. मग पुढच्या निवडणुकीत दोघांनीही पूल कबूल केला, पण दोन वेगळ्या जागी. खुर्दच्या चौकाला सोयीचा तो वरच्या अंगाला, बुद्रुकच्या नव्या रस्त्याला सोयीचा तो खालच्या. आबा एकासाठी राबले, दादा दुसऱ्यासाठी. दोघांनाही मनातून पूलच हवा होता. पण एकाचं काम पुढे सरकलं की दुसऱ्या बाजूने अर्ज जायचा आणि ते अडायचं. दोन्ही कामं अडली.

माझ्या घरात तेव्हा जेवताना बोलणं कमी झालं. आबा मला कधी काही म्हणाले नाहीत. पण दादाचं नाव निघालं की ते पाण्याचा तांब्या उचलून बाहेर ओट्यावर जायचे. माहेरी गेले की दादा आबांची तब्येत विचारायचा, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा विषय काढायचा. आई दोघांनाही नावं ठेवायची. म्हणायची, पुलावाचून कोण मेलं आजवर, दोघांनी सोडून द्या तो.

त्यानंतरच्या कानबाईला वाळूत भेटीची वेळ झाली. आईने गाणं उचललं होतं. बायांच्या मागे पुरुष उभे होते, त्यांत कुणीतरी पुलाचा विषय काढला. आवाज चढले. दादा मधे पडून समजावत होता, तेवढ्यात आबा त्याला म्हणाले, "तुम्ही तठले. आमना पूलनी वातमा पडू नका."

तठले म्हणजे तिकडचे. हा शब्द आबांनी माझ्याबद्दल सुनावणीत वापरला होता, माझी सून तठली म्हणून, तेव्हा त्यात किती माया होती. आता तोच शब्द ऐकून वाळूतल्या बायांनी गाणं थांबवलं. दादाने वहिनीला खूण केली, बुद्रुकच्या बायांनी चौरंग उचलले आणि त्या आपल्या काठाने खाली निघून गेल्या. आई मागे राहिली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचून त्यांच्यामागे गेली.

पुढच्या वर्षी दोन्ही आमदारांनी आपापल्या काठाला विसर्जनाचे घाट बांधून दिले. समोरासमोर. दोन्ही घाटांवर नावाच्या पाट्या, दोन्हींना रंगीत कठडे. भेट बंद झाली. बुद्रुकने आपला दवाखाना मागितला, खुर्दने आपला बाजार सुरू केला. दादा आमच्या घरी यायचा थांबला. मी माहेरी जायचे, पण उंबऱ्यातून आत गेल्यावर पाहुण्यासारखं पाणी यायला लागलं.

आता त्या श्रावणाचं सांगते.

सातपुड्यात पावसाची झड लागली होती. कपाशीच्या शेतांत गुडघाभर पाणी, केळीची पानं फाटून लोंबत होती. फरशी बुडून बरेच दिवस झाले होते. आई खोकल्याने आजारी होती. फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती म्हणायची, पाणी उतरलं की ये, घाई काय आहे. कानबाई तोंडावर आली होती. मी रोटाचे गहू निवडत बसले होते तेव्हा वहिनीचा फोन आला. ती फक्त एवढंच म्हणाली, अक्का गेल्या.

माझे यजमान तसेच मोटारसायकलवर निघाले. हायवेला लागून लांबच्या पुलावरून फिरून जाता येईल का ते बघायला. थोड्या वेळाने चिखलाने माखून परत आले. वाटेतल्या नाल्याने रस्ता खाल्ला होता, पलीकडे जायला वाट नव्हती. मी चप्पलही न घालता नदीकडे निघाले.

नदी लाल झाली होती. ओंडके, केळीचे घड, कुणाचं तरी छप्पर, सगळं वाहत होतं. पलीकडे बुद्रुकची स्मशानभूमी अगदी काठावर आहे, पत्र्याची शेड. तिथे माणसं जमलेली दिसत होती, चेहरे ओळखू येत नव्हते. ते माझ्यासाठी थांबले होते. दुपार झाली. पाणी वाढतच होतं, आणि सातपुड्याकडून पुन्हा काळं भरून येत होतं. तेव्हा दादाचा फोन आला. त्याचा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते.

"पानी उतरस नई, बाई. काय करू?"

मी म्हटलं, "करी ल्या, दादा." मग मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "मी तुले आठून दिखस का?"

"कोन्ती साडी शे?"

"पिवळी."

मग तो म्हणाला, "दिखस. दिखस, बाई."

पलीकडे हालचाल झाली. त्यांनी आईला उचललं. मला वाटलं शेडकडे नेतील. पण ते सगळे पाण्याच्या कडेला आले. गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी तिरडी आडवी धरली, तिचं तोंड आमच्या काठाकडे केलं, आणि दादाने आईच्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. इतक्या लांबून मला काहीच दिसलं नाही. कापडाचं पांढरं, तिरडीच्या बांबूचं हिरवं, एवढंच. तरी मी म्हणेन की मी आईचं तोंड पाहिलं.

मागे वळले तेव्हा कळलं की मी एकटी नव्हते. खुर्द सगळं काठावर आलं होतं. दुकानं बंद करून, शेतातून तसेच. पारसशेठ छत्री मिटून पावसात उभे होते. कानबाईच्या गाण्यात आईच्या मागून म्हणणाऱ्या बाया माझ्या दोन्ही बाजूंना आल्या. आबा काठी टेकत टेकत पुढे आले. त्यांनी टोपी काढली. पलीकडे धूर निघाला, पावसाने दाबलेला, काळा. तो नदीवर पसरत आमच्याकडे आला. आबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुनी माय आमनी बी माय व्हती."

पाणी उतरल्यावर आबा माझ्याबरोबर दादाच्या घरी गेले. दोघे भिंतीला टेकून शेजारी बसले. आबांनी आजाराचं विचारलं, दादाने सांगितलं. चहा झाला. निघताना आबांना उठवेना, तेव्हा दादाने त्यांना बगलेत धरून उभं केलं आणि फरशीपर्यंत सोडायला आला. पुलाचा विषय दोघांनीही काढला नाही. त्या हिवाळ्यात आबा गेले. त्यांना खांदा द्यायला दादा आणि अर्धं बुद्रुक आलं. लोक म्हणायला लागले की आता सगळं पूर्वीसारखं होईल. मलाही तसं वाटलं होतं. पुढच्या वर्षी निवडणूक आली, आणि प्रचाराच्या गाड्यांनी ते पार धुऊन नेलं.

पूल मात्र झाला. कुठल्याच आमदाराने केला नाही. मोठा रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि त्यात आमची नदी मधे आली, म्हणून झाला. उंच, भक्कम. त्याच्यावरून केळीचे ट्रक भरधाव जातात. आता कितीही पूर आला तरी काठावर जाऊन हाका मारत बसायची वेळ येत नाही. पण खुर्दची मुलं खुर्दच्या नव्या शाळेत जातात, बुद्रुकची माणसं बुद्रुकच्या दवाखान्यात. सोयरिका कमी झाल्या. पारसशेठचा मुलगा दुकान बंद करून धुळ्याला गेला. म्हणाला, अर्ध्या गावाच्या गिऱ्हाइकावर कापडाचं दुकान चालत नाही.

यंदा पुन्हा पुनर्रचनेची चर्चा सुरू झाली आहे. अजून काही ठरलेलं नाही, पण गावांत ठराव व्हायला लागले आहेत. माझा मुलगा नीलेश त्यात पुढे आहे. एका सकाळी तो चहा पिताना म्हणाला की ह्या वेळी दोन्ही गावं पुन्हा एका मतदारसंघात टाकतील अशी कुणकुण आहे. माझा हात तव्यावरच थांबला. मला आनंद झाला हे त्याला दिसलं असावं, कारण तो घाईने म्हणाला की आपण त्याला हरकत घेणार आहोत. ते मोठे, आपण लहान. सगळा निधी तेच ओढतील.

"ते म्हणजे कोण?" मी विचारलं.

"बुद्रुकवाले."

"तुझा मामा?"

तो माझ्याकडे समजूतदारपणे बघत म्हणाला, "आई, मामा वेगळा आणि बुद्रुक वेगळं."

तो वाईट मुलगा नाही. मामाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तोच भुसावळला रात्रंदिवस राहिला होता. वाळूतली शेवटची भेट झाली तेव्हा तो इतका लहान होता की त्याला ती आठवत नाही. त्याला दोन घाट आठवतात.

मी दुसऱ्या दिवशी दादाकडे गेले. तो ओट्यावर पाय पसरून बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्याच्या बाजूचा ठराव आधीच झालाय. त्याच्याच मुलाने मांडला. खुर्द नको म्हणून.

"तू काय बोलना?"

"मी गयाच नई," दादा म्हणाला.

वहिनीने जेवायला थांबवलं. आम्ही गंगाफळाची भाजी खाल्ली. दादा म्हणाला, भाजीत अक्काच्या हातची चव नाही, आणि वहिनीलाही त्याचं वाईट वाटलं नाही.

खुर्दची ग्रामसभा परवा झाली. मी सहसा जात नाही, पण गेले. मागच्या रांगेत बायांबरोबर बसले. ठराव वाचून झाला. सरपंच पोरसवदा आहे, नीलेशच्याच वर्गातला. त्याने रीत म्हणून विचारलं की कुणाचा विरोध आहे का.

मी हात वर केला.

कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. शेजारच्या बाया माझ्याकडे बघून मान खाली घालून बसल्या. त्यांतली एक तर माझ्याबरोबर पावसात नदीवर उभी होती. सरपंचाने माझ्याकडे पाहिलं, मग नीलेशकडे पाहिलं. नीलेश पुढच्या रांगेतून उठून माझ्याजवळ आला, शेजारी बसला आणि माझं मनगट हळूच धरलं. त्याच्या हाताला जोर नव्हता.

"आई, हात खाली घे," तो म्हणाला.

मी वर बघितलं. हात थकला होता, पण वरच होता. पुढे सरपंच म्हणत होता, ठराव सर्वानुमते मंजूर.